डाव्या कोपऱ्यातली दोन अक्षरं

भाषाविज्ञान शिकायचं असं स्टेनोकाकांनी जाहीर केलं तेव्हा घरात कोणी विरोध केला नाही, आणि तिथेच पहिली गडबड झाली. विरोध झाला असता तर त्यांनी दोन दिवस फुगून बसून तिसऱ्या दिवशी विषय सोडून दिला असता. पण काकू म्हणाल्या, "जा की. सकाळी आठ ते दहा ना? तेवढा वेळ मला घर आवरायला मोकळं मिळेल." आता जाणं भाग होतं.

स्टेनोकाका म्हणजे एका मोठ्या कचेरीत छत्तीस वर्षं साहेबांची पत्रं उतरवून घेतलेले लघुलेखक. साहेब बोलायचे, काका वहीत भराभर रेघोट्या ओढायचे आणि तासाभरात टाइप केलेलं पत्र सहीसाठी पुढे ठेवायचे. असे सात साहेब त्यांनी निवृत्त केले. प्रत्येक पत्राखाली साहेबांचं नाव, हुद्दा, झोकदार सही. आणि अगदी तळाला, डाव्या कोपऱ्यात, साहेबांच्या आद्याक्षरांपुढे तिरकी रेघ मारून दोन बारीक अक्षरं. ती काकांची. पत्र कोणी टाइप केलं हे कळावं, म्हणजे चूक निघाली तर कोणाला बोलवायचं हे ठरलेलं असावं, एवढाच त्यांचा उपयोग. छत्तीस वर्षांत काकांचं नाव कागदावर आलं ते तेवढंच. म्हणून कॉलेजच्या माहितीपत्रकात प्रमाणपत्राचा नमुना दिसला आणि त्याच्या मधोमध 'विद्यार्थ्याचे संपूर्ण नाव' अशी चांगली वीतभर जागा सोडलेली दिसली, तेव्हा काकांनी आधी मनात तिथे आपलं नाव लिहून पाहिलं आणि मग विषय कोणता आहे ते वाचलं. भाषाविज्ञानाच्या जागी मधमाशीपालन असतं तरी ते गेले असते.

पहिले दोन महिने मजेत गेले. वर्गात बाराजण, त्यांत अकरा विशीतले आणि बारावे काका. शिकवणाऱ्या मॅडम त्यांच्या भाचीच्या वयाच्या. काका रोज काहीतरी नवीन शब्द घेऊन घरी यायचे आणि काकूंवर त्याचा प्रयोग करायचे. तोंडातून निघणारा प्रत्येक आवाज म्हणजे स्वन. ज्या आवाजाच्या बदलाने अर्थ बदलतो तो स्वनिम. ज्याचा आणखी तुकडा पाडला तर अर्थच उरत नाही तो रूपिम. काकूंना यातला रूपिम फार आवडला. काका कपाटासमोर उभे राहून 'माझा रुमाल कुठाय' असं विचारायला लागले, की त्या म्हणायच्या, "समोरच आहे. काय रूपिमासारखे उभे आहात!" या वापराला शास्त्रीय आधार नाही हे काकांनी दोनदा समजावलं. उपयोग झाला नाही.

एकदा काका सांगत आले, की वस्तू आणि तिचं नाव यांत काहीही नैसर्गिक नातं नसतं. "ही खुर्ची आहे. पण सगळ्यांनी मिळून हिला बादली म्हणायचं ठरवलं तर ही बादली होते. भाषा म्हणजे समाजाने केलेला करार."

"सगळ्यांनी म्हणजे कोणी कोणी?" काकूंनी विचारलं.

"सगळ्यांनी. तू, मी, शेजारी."

"मग नाही होणार. मी नाही म्हणणार बादली." आणि त्या आत गेल्या. समाज करार कसा मोडतो याचं इतकं चांगलं उदाहरण पुस्तकातही नव्हतं, पण काकांनी ते वहीत लिहून घेतलं नाही.

मग प्रकल्प आला. अर्धा तास नैसर्गिक बोलणं ध्वनिमुद्रित करायचं, आणि जसं बोललं तसं कागदावर उतरवायचं. बोलणाऱ्याची आधी संमतीपत्रावर सही घ्यायची, चोरून काही करायचं नाही. मॅडमनी फळ्यावर लिहिलं: सुधारायचं नाही. त्याखाली दोन रेघा मारल्या. "भाषा कशी असावी ते आपण सांगत नाही. कशी आहे ते पाहतो. याला वर्णनात्मक अभ्यास म्हणतात."

वर्गातली मुलं हवालदिल झाली. काका मात्र गालातल्या गालात हसले. जसं बोललं तसं लिहिणं! माशाला पोहण्याचा प्रकल्प दिला होता. "चार दिवसांत देतो, मॅडम," ते उभं राहून म्हणाले. उभं राहायची गरज नव्हती.

त्यांनी इमारतीखालच्या शिंप्याचं दुकान निवडलं. शिंप्याची सही घेतली, गिऱ्हाइकाची घेतली, आणि त्या दोघांत विजारीवरून जो वाद झाला तो अर्धा तास कॉलेजच्या रेकॉर्डरवर आला. घरी येऊन काकांनी तो एका बैठकीत उतरवला, टाइप केला, समास सोडले, आणि तिसऱ्याच दिवशी फाइलला नाडी बांधून सादर केला.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी त्यांना वर्ग संपल्यावर थांबवलं. समोर फाइल होती आणि रेकॉर्डर. त्यांनी रेकॉर्डर सुरू केला. शिंपी म्हणत होता, "नाही, ते म्हणजे... तुम्ही हे असं... उभे असे राहिलात ना, मग ते... अं... आखूडच होणार ना ते."

"आणि तुम्ही काय लिहिलंय, काका?"

काकांनी चष्मा लावून वाचलं. "आपण माप देतेवेळी ताठ उभे न राहिल्याने विजार किंचित आखूड झाली आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

"क्षमस्व कुठे म्हणाला तो?"

"म्हणायला हवं होतं त्याने," काका म्हणाले. आणि मग त्यांच्याच लक्षात आलं.

छत्तीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. कोणताही साहेब कधी धड वाक्य बोलत नसे. 'ते त्यांना कळवा की ते आपलं ते काय ते जमणार नाही' एवढं साहेब म्हणत, आणि कागदावर 'आपल्या प्रस्तावाचा सहानुभूतिपूर्वक विचार करूनही' असं येई. साहेब सही करताना वाचत आणि आपण किती सुंदर बोलतो म्हणून खूश होत. लघुलिपीत 'आपल्या पत्राच्या अनुषंगाने' या सबंध शब्दसमूहाला एकच रेघ आहे. 'अं' साठी चिन्हच नाही. स्वर तर कित्येकदा गाळूनच टाकतात. जी लिपी अडखळणं लिहूच शकत नाही तिच्या जोरावर काका माणसाचं बोलणं लिहायला निघाले होते.

"भाषा छान आहे," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "पण ती तुमची आहे. महिन्याभरात पुन्हा करा. नाहीतर प्रमाणपत्र देता येणार नाही."

काका घरी आले ते न जेवता गॅलरीत जाऊन बसले. एका साहेबाने त्यांच्यावर शाईची दौत फेकली होती, एकाने त्यांच्या लग्नाच्या रजेचा अर्ज त्यांच्याकडूनच नामंजूर म्हणून टाइप करून घेतला होता; पण 'जसं सांगितलं तसं लिहिलं नाही' असं कोणी म्हणालं नव्हतं. काकूंनी विचारलं, काय झालं. "काही नाही," काका म्हणाले. पंधरा मिनिटांनी त्यांनी सगळं सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "मला नवल नाही वाटलं."

आता काका जिद्दीला पेटले. नवीन बोलणं, नवीन माणसं, सगळं पहिल्यापासून! पण इमारतीच्या सेक्रेटरींच्या कानावर बातमी गेली होती. त्यांनी काकांना जिन्यात गाठलं. "आवारात ध्वनिमुद्रण चालू आहे असं ऐकलं. त्याला समितीचा ठराव लागेल."

"शिंप्याच्या दुकानात केलं मी."

"दुकान आवारातच येतं. पायरी आपली आहे."

ठरावासाठी बैठक बोलवायची, बैठकीला आठ दिवसांची सूचना द्यायची, ती सूचना काकांनीच टाइप करायची. केली. बैठक भरली तेव्हा काकांना वाटलं, इथे पाच माणसं जमलीच आहेत, यांचंच बोलणं घ्यावं. सगळ्यांनी आनंदाने सह्या केल्या. रेकॉर्डरचा लाल दिवा लागला आणि घात झाला. एरवी जे सेक्रेटरी गच्चीवरून 'अहो पाणी जातंय, कोणी बघतंय का नाही' म्हणून ओरडतात, ते खाकरून म्हणाले, "उपस्थित सभासदहो, जलवाहिनीस गळती लागल्याचे निदर्शनास आले आहे." तळमजल्यावरच्या आजोबांनी तर 'या व्यासपीठावरून' अशी सुरुवात केली. व्यासपीठ म्हणजे सतरंजी होती. काकांचे डोळे भरून आले. एक शब्द सुधारायची गरज नव्हती! त्यांनी ते जसंच्या तसं उतरवून मॅडमपुढे ठेवलं.

"काका, ही माणसं घरी अशी बोलतात?"

"नाही."

"यंत्र पाहिलं की माणसं बोलण्याचे कपडे बदलतात. यंत्र विसरेपर्यंत थांबायला हवं."

मग सल्ले सुरू झाले. जिन्यात जो भेटेल तो सांगे. शेजारच्या दातांच्या डॉक्टरांचं म्हणणं असं, की त्यांच्या खुर्चीत बसलेला माणूस यंत्र काय, स्वतःचं नावही विसरतो. "तिथे नाटकीपणाला वावच नाही, काका. या तुम्ही." काका गेले. तीन पेशंटांनी सह्या केल्या. ही सही दात काढण्यासाठी नाही एवढीच खात्री त्यांनी करून घेतली. अर्ध्या तासाचं ध्वनिमुद्रण झालं. या वेळी काकांनी मन घट्ट करून एकही अक्षर बदललं नाही. कागदावर आलं ते असं: आ. आऽ. आं आं. आऽऽऽ.

मॅडमनी ते बराच वेळ पाहिलं. "प्रगती आहे," त्या म्हणाल्या. "स्वर भरपूर मिळालेत. पण व्यंजनं आणि वाक्यंही लागतील."

मुदतीचे सहा दिवस उरले होते. त्या संध्याकाळी काकू पलंगावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग टाकून घड्या घालत बसल्या होत्या. काका दारात उभे राहून त्यांच्याकडे बघत राहिले. यंत्राला, सेक्रेटरीला, कोणत्याच साहेबाला न घाबरलेलं एक माणूस घरातच होतं.

"अगं, एक सही हवी होती."

काकूंनी संमतीपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. इतक्या जणांनी सह्या केल्या होत्या, पण वाचणाऱ्या त्या पहिल्याच. "यात लिहिलंय, बोलणं बदललं जाणार नाही. हे खरं का?"

"अगदी खरं."

"बघू," म्हणून त्यांनी सही केली आणि टॉवेल उचलला.

काकांनी रेकॉर्डर उशीवर ठेवला. पहिली पाच मिनिटं काकू गप्प होत्या. मग यंत्र विसरल्या आणि बोलायला लागल्या. काकांचं मात्र लक्ष त्या लाल दिव्याकडे. बॅटरी किती आहे, वेळ किती झाला, पंख्याची घरघर तर येत नाही ना. अधूनमधून ते 'हं' म्हणत होते. अर्धा तास भरल्याबरोबर त्यांनी बटण दाबलं, मुठी वळून 'झालं!' म्हणाले आणि टेबलाकडे पळाले.

लिहायला बसले. हाताला सक्त ताकीद दिलेली. एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, लिहायचं. अडखळलं तर अडखळणंही लिहायचं. ऐकणाऱ्याचे हुंकारही गाळायचे नाहीत, असा मॅडमचा नियम होता. पहिल्या दहा मिनिटांचं बोलणं उतरवायला दोन दिवस लागले, मग हात बसला. "हा टॉवेल... हा आपला नाहीच. अहो, हा कोणाचा आलाय? तुम्हाला विचारतेय मी." त्यापुढे काकांचं: "हं." त्यापुढे काकूंचं: "हं काय हं."

अठराव्या मिनिटाला काकू म्हणत होत्या:

"आईला ना... परवा दादाचा फोन आला, तर म्हणाला, तिला आता फोनवर काहीच नाही ऐकू येत. कानाशी जाऊन ओरडलं तर येतं. म्हणजे आता... मी इथून काय ओरडणार. पत्र म्हणाला पाठव. पत्र."

"हं."

"ती पत्रं... माझी म्हणजे, पण तुम्ही लिहायचात ती. घरात लघुलेखक असताना तू कशाला लिहितेस, अक्षर बघ तुझं. मी सांगायची, तुम्ही लिहायचात. आई म्हणाली होती मला. माहेरी गेले होते ना तेव्हा. म्हणाली, तुझं पत्र येत नाही गं, ऑफिसातलं येतं. कोण तो ऑफिसातला माणूस, त्याला सांग, माझ्या पोरीला बोलू दे. तुम्ही लिहिता हे मी नाही सांगितलं. जावयाला कशाला नावं ठेवून घ्यायची."

"हं."

"मग मी बंदच केली पत्रं. तेव्हा रडले होते मी. मोरीत. नळ सोडून... ऐकू जाऊ नये म्हणून. तुम्ही बाहेरून म्हणालात, पाणी वाया जातंय."

"हं. अगं, जरा यंत्राकडे तोंड करून बोल."

काकांनी रेकॉर्डर थांबवला. हात सवयीने पुढे गेला होता आणि कागदावर लिहून मोकळा झाला होता: सदर पत्रांच्या भाषेविषयी माझ्या मातोश्रींनी नापसंती व्यक्त केली. काकांनी ते वाचलं. मग कागद फाडला, आणि त्यांना आपल्या त्या हाताची पहिल्यांदाच लाज वाटली. चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आणि त्या संध्याकाळी ही बाई समोर पलंगावर बसून ती सांगत होती, तेव्हा आपण उशीवरच्या दिव्याकडे बघत 'हं' म्हणत होतो.

ते स्वयंपाकघरात गेले. "अगं, त्यात एक भाग आहे. तुझ्या आईचा. तो मी गाळतो. वर्गात मुलं वाचतील."

काकूंनी हातातलं भांडं खाली ठेवलं. "त्यात काय खोटं आहे?"

"खोटं नाही."

"मग लिहा. सही केली आहे मी. पण माझं लिहाल तसं तुमचंही लिहा. ते पाणी वाया जातंय, आणि ते हं हं. सगळे."

काकांनी सगळं लिहिलं. 'हं' एकूण एकतीस भरले. पाचव्या दिवशी फाइल मॅडमपुढे ठेवली तेव्हा त्यांनी उभं राहून काही जाहीर केलं नाही. मॅडमनी रेकॉर्डर लावला आणि पानावर बोट ठेवून ओळ न ओळ ताडून पाहिली. अठराव्या मिनिटाला त्यांचं बोट थांबलं. मग पुन्हा चालू झालं. शेवटी त्या म्हणाल्या, "एकही शब्द इकडचा तिकडे नाही." काकांनी मान हलवली. 'हं' म्हणायचं त्यांनी जाणूनबुजून टाळलं.

प्रमाणपत्र मिळालं. मधोमध ठळक अक्षरांत संपूर्ण नाव, शुद्ध लिहिलेलं. काकांनी ते येताना बसमध्ये दोनदा काढून पाहिलं. घरी आल्यावर ते टेबलाच्या खणात ठेवलं, त्याच खणातून पत्राचा कोरा कागद काढला आणि काकूंसमोर खुर्ची ओढून बसले.

"सांग."

"काय सांगू?"

"आईंना पत्र. तू सांग, मी लिहितो."

काकूंनी कोऱ्या कागदाकडे बोट दाखवलं. "तसंच?"

"तसंच."

"बरं. आई गं, हे बघ, म्हणजे मी तशी बरी आहे, तुझ्या गुडघ्याचं काय झालं ते आधी सांग, नाहीतर तू ना, तू काही सांगतच नाहीस..." काका लिहीत होते. 'तू ना' दोनदा आलं, दोनदा लिहिलं. 'हे बघ' सतरा वेळा आलं. एका जागी काकू बोलता बोलता थांबल्या आणि नाक ओढलं. तिथे काय लिहावं ते काकांना कळेना, म्हणून त्यांनी तीन टिंबं दिली आणि पुढचा शब्द येईपर्यंत लेखणी उचलून धरली. घाई केली नाही. चार पानं झाली. शेवटी काकूंनी वाकड्यातिकड्या अक्षरात आपलं नाव घातलं, आणि काकांनी तळाला, डाव्या कोपऱ्यात, तिरकी रेघ मारून आपली दोन बारीक अक्षरं लिहिली. चूक निघाली तर कोणाला बोलवायचं हे कळायला हवं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. सासूबाईंनी सांगितलेलं, काकूंच्या वहिनींनी लिहिलेलं. वहिनी काही लघुलेखक नव्हत्या, त्यामुळे त्यांनी म्हातारीचा शब्द न् शब्द तसाच ठेवला होता. काकूंनी वाचायला घेतलं आणि दुसऱ्याच ओळीला त्यांना वाचवेना. त्यांनी कागद काकांच्या हातात दिला. काकांनी मोठ्यांदा वाचलं:

"पोरी, किती वर्षांनी तुझं पत्र आलं गं. सुनेला म्हटलं, पुन्हा वाच, कानाशी वाच. चारदा वाचून घेतलं. आधीचा तो ऑफिसातला माणूस काढला वाटतं तुम्ही. बरं केलं. फार शहाणा होता तो. हा नवीन माणूस चांगला आहे. मध्ये मध्ये बोलत नाही. याला काढू नका."

काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि शेवटची ओळ आणखी एकदा वाचली. सात साहेब झाले होते, पण नोकरी कायम झाल्याचं असं पत्र त्यांना एकानेही दिलं नव्हतं.

"काय करायचं त्या माणसाचं?" डोळे पुसत काकूंनी विचारलं.

काकांनी खणातून कोरा कागद काढला. "तू सांग," ते म्हणाले. "तो लिहून घेतो."